दोन फेरे

टायमिंग बेल्ट तुटण्याआधी सहसा काही सांगत नाही. ब्रेक घासले की आवाज करतात, क्लच घसरायला लागतो, गुळगुळीत झालेलं टायर डोळ्याला दिसतं. हा दातेरी रबरी पट्टा मात्र झाकणाआड फिरत राहतो आणि एक दिवस तुटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, हा हिशोब तो सांभाळत असतो. हिशोब चुकला तर डिझेल इंजिनात वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि गोष्ट हेड उतरवण्यापर्यंत जाते.

1998 साली आलेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनात असाच पट्टा होता. देगलुरात अशी एखादी जुनी गाडी बाळगणारा माणूस तो घरीच बदलायचं ठरवतो, यात नवल नाही. नांदेड लांब, मजुरी वाचते, आणि हात चालणाऱ्याला काम अशक्य नाही. पहिला सिलिंडर वरच्या टोकाला आणायचा, क्रँक आणि कॅमच्या पुलींवरच्या खुणा जुळवायच्या, टेन्शनर सैल करून जुना पट्टा काढायचा, नवा चढवून ताण द्यायचा. ताण जास्त झाला तर बेअरिंग लवकर जातं, कमी झाला तर पट्टा दात सोडतो. यानंतर क्रँक पान्याने, हातानेच, दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा बघायच्या. एक दात सरकला असेल तर इथं कळतं. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला तर हाताला अडल्यासारखं लागतं आणि माणूस थांबतो. स्टार्टर थांबत नाही.

आता समजा, दोघांनी हे फेरे टाळले. ताण अंदाजाने दिला, झाकण लावलं, हात धुतले. एकाची गाडी चार वर्षं धावून भंगारात गेली. दुसऱ्याची नांदेड-हैदराबाद रस्त्यावर, मागून ट्रक येत असताना, बंद पडली. हयगय तीच. गाव मात्र एकालाच बोल लावणार, आणि दुसऱ्याला तर ‘घरच्या घरी केलं बघा’ म्हणून शाबासकी मिळालेली असणार.

थॉमस नेगेलने 1976 साली ‘नैतिक नशीब’ या विषयावर मांडणी केली, तेव्हा ब्रेक वेळेवर तपासून न घेतलेल्या ड्रायव्हरचं उदाहरण घेतलं होतं. लेकरू रस्त्यात आलं नाही तर ती किरकोळ हयगय. आलं तर जन्माची बोच. कांटला विचारलं तर तो म्हणेल, परिणाम बाजूला ठेवा, इच्छा बघा. तर्काला हे पटतं. पण ज्याच्या घरातला माणूस गेला त्याच्या दारात उभं राहून हे कोण म्हणेल?

मला वाटतं, इथं दोष आणि देणं या दोन गोष्टी आपण एकात कालवतो. दोष दोघांचा सारखाच. वाचलेल्याने स्वतःला निर्दोष समजू नये. देणं मात्र ज्याच्या हातून घडलं त्याचंच. दवाखान्यात जाणं, खर्च उचलणं, तोंड न लपवणं. नशिबाने ते त्याच्यावर टाकलं हे खरं, पण म्हणून ते फिटलं असं होत नाही. गाव चुकतं ते पहिल्याला सोडून देण्यात. दुसऱ्याला धरण्यात नाही.

‘माझी गाडी, माझा धोका’ हे म्हणणंही तालुक्याच्या गावात टिकत नाही. गल्लीत एकाकडे चारचाकी असली की रात्री-अपरात्री ती सगळ्यांची असते. शेजारची बाळंतीण नांदेडला न्यायची असते, तेव्हा टेन्शनर कुणी आवळला होता हे कोणी विचारत नाही.

अंदाजाबद्दल मात्र मी कडक नाही. जुन्या इंजिनांवर मिस्त्री दोन बोटांनी पट्टा पिळून पाहत, साधारण पाव फेरा वळला की ताण बरोबर. तो अंदाज वर्षानुवर्षांच्या हाताचा असतो. ज्या टेन्शनरवर काटा आणि खूण दिलेली आहे तिथं मात्र असा अंदाज चालत नाही. काटा खुणेवर बसत नसेल तर गाडी ओढून नांदेडला न्यावी.

चांगले मिस्त्री झाकणावर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतात. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, म्हणून दोन्ही लागतात. घरी काम करणारा सहसा लिहीत नाही, त्याला सगळं आठवत असतं. मग गाडी विकली जाते, तिसऱ्याच्या हातात जाते, आणि त्या तिसऱ्याला आठवायला काहीच नसतं.