उभ्या गाडीतलं पेट्रोल

अमरावती-अकोल्याकडच्या कितीतरी घरांच्या पोर्चमध्ये एक मोटरसायकल नुसती उभी असते. पोरगा पुण्याला नोकरीला, वडिलांना आता किक मारवत नाही आणि गाडी विकायला घरात कोणी तयार नाही. दिवाळीत पोरगा येतो, किक मारून मारून घामाघूम होतो. "काऊन बे, चालू नाही होऊन राह्यली का?" करत शेजारचे जमतात. प्लग काढून पुसला जातो, टाकी हलवून पाहिली जाते. पेट्रोल तर आहे! आहे हे खरंच. पण त्यातलं कोणतं पेट्रोल शिल्लक आहे, हे कोणी विचारत नाही.

पेट्रोल हा एकच एक पदार्थ नव्हे. शेकडो हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण आहे. त्यातला पेंटेनसारखा हलका घटक ३६ अंशांना उकळतो, तर सर्वांत जड घटकांना दोनशेच्या आसपास तापमान लागतं. आपल्याकडे गावातून आधी तरणी पोरं बाहेर पडतात आणि मागे म्हातारी माणसं उरतात. टाकीतही निघून जाण्याचा क्रम तोच. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तोही सावलीतला. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या टाकीत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. हलके घटक वाफ होऊन झाकणाच्या बारीक छिद्रातून निघून जातात. थंड इंजिन पहिल्या किकला पेटतं ते नेमकं याच घटकांच्या जोरावर, कारण गारठ्यातही वाफ होण्याची क्षमता त्यांच्यातच असते. म्हणजे उन्हाळ्यात गेलेल्या मालाची उणीव दिवाळीच्या थंड सकाळी जाणवते, आणि दोष मात्र प्लगला मिळतो.

एवढ्यावर भागलं असतं तर नवं पेट्रोल ओतून गाडी चालू झाली असती. बऱ्याचदा तसं होत नाही. मागे राहिलेल्या घटकांचा हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग होतो आणि त्यातून चिकट, पिवळट राळ तयार होते. मिस्त्री तिला सरसकट 'कचरा' म्हणतात, पण हा कचरा बाहेरून आलेला नसतो. तो पेट्रोलमधूनच जन्मतो.

आता हे सगळं सर्वांत वेगानं घडतं कुठं? टाकीत नव्हे, आणि माझ्या मते सारी मेख इथंच आहे. टाकीत दहा-एक लिटर मावतं. तिथं पेट्रोल जुनं व्हायला महिने लागतात. कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या वाटीत मात्र जेमतेम दोन-चार चमचे पेट्रोल असतं आणि ती वाटी हवेला उघडी असते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ते थोडक्या आठवड्यांत आटतं. कॉक चालू राहिला असेल तर आणखी वाईट: जेवढं आटलं तेवढं टाकीतून पुन्हा उतरतं, तेही आटतं आणि राळेचा थर वाढत जातो. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. ते बुजायला कितीसा थर लागणार? मेन जेट मोठा असल्यानं तो वाचतो. म्हणूनच चोक ओढला की गाडी चालू होते, चोक सोडला की बंद पडते. हे लक्षण दिसलं तर प्लगच्या मागे लागू नये, कार्बोरेटर उघडावा. आणि उघडल्यावर जेटमध्ये टाचणी खुपसू नये. जेट पितळेचा असतो, भोक मोठं झालं की गाडी जन्मभर पेट्रोल जास्त पिते. तांब्याच्या वायरीची एक तार, क्लीनरचा फवारा आणि हवेचा झोत, एवढं पुरतं.

यावरचा उपाय फुकटचा आहे. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन चालू ठेवायचं. वाटीतलं पेट्रोल संपलं की काही मिनिटांत ते आपोआप बंद पडतं. जिथं पेट्रोलच नाही तिथं राळ कशाची होणार?

उरली टाकी. इथं दोन सल्ले ऐकू येतात आणि ते एकमेकांना छेद देतात. एक म्हणतो टाकी गच्च भरून ठेवा, दुसरा म्हणतो थोडंच भरा. दोघेही बरोबर आहेत. फरक गाडी किती हलते याचा आहे. टाकी भरलेली असली की आत हवेला जागा उरत नाही, मग वाफ कमी, ऑक्सिजन कमी, पत्र्याला गंजही कमी. गाडी जूनपासून दिवाळीपर्यंत हलणारच नसेल तर भरलेली टाकी बरी. पण गाडी आठवड्यातून एकदा बाजारापुरती निघत असेल, तर हिशेब करून पाहा. लिटरला पन्नास किलोमीटर धरले तर दहा लिटरमध्ये पाचशे किलोमीटर होतात. महिन्याला चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत तेच पेट्रोल वर्षभर पडून राहील. अशा गाडीत दोन-तीन लिटर टाकायचं आणि संपत आलं की नवं आणायचं. भरायचीच झाली तरी काठापर्यंत नको. सकाळी २८ अंशांना भरलेलं दहा लिटर पेट्रोल दुपारी ४५ अंशांना दीडेकशे मिलिलिटरनं फुगतं, आणि ते झाकणातून बाहेर येतं.

इथेनॉलचं प्रकरण वेगळं. ६ फेब्रुवारी २०२३ ला २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशात विक्रीला आलं आणि आता ते पंपोपंपी मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात सामावून घेतं आणि ते इंजिनातून बिनबोभाट निघूनही जातं. मर्यादा ओलांडली की मात्र पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. रिझर्व्हची नळी तळातूनच ओढते, हे विसरू नये. यावरून दमट हवेचा बराच धाक घातला जातो. मला वाटतं, आपल्याकडे हवेपेक्षा झाकणाचं जुनं रबर जास्त घातक. अंगणात भिजणाऱ्या गाडीत श्रावणातल्या सरींचं पाणी तिथून सरळ टाकीत झिरपतं. रबर बदलायला फार खर्च नाही. आरएक्स १०० किंवा जुन्या स्प्लेंडरचे पेट्रोल पाइप, वॉशरही इथेनॉलनं लवकर फुगतात, कडक होतात. तेही एकदा हातानं चाचपून पाहावेत.

अनेक जण रविवारी गाडी उभ्या उभ्या पाच मिनिटं चालू करतात. बॅटरीलाही त्यातून विशेष काही मिळत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि टाकीतलं पेट्रोल होतं तेवढंच जुनं राहतं. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदा नीट फिरवावी. अकोला-अमरावती रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा एक पदरी डांबराचा थर सुमारे १०५ तासांत टाकून गिनीज विक्रम झाला. एवढा रस्ता दारात असताना बडनेऱ्यापर्यंत तरी जायला काय हरकत आहे?

इंजेक्शनच्या नव्या गाड्यांना मात्र वाटी नसते, बहुतेकींना कॉकही नसतो. त्यांची टाकी कोरडी करू नये, कारण आतला पंप पेट्रोलनंच थंड राहतो. त्या चालू झाल्या नाहीत तर आधी बॅटरी पाहावी. टाकीत मिसळायची टिकाऊपणाची औषधंही बाजारात मिळतात. ती ताज्या पेट्रोलमध्ये टाकली तरच उपयोगी, शिळ्याला ती जिवंत करत नाहीत.

आणि काढलेलं जुनं पेट्रोल नालीत ओतू नका, पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत देवघरातल्या दिव्यापर्यंत किंवा कूलरच्या मोटरीपर्यंत पोचते. ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या, त्याला पार्ट धुवायला ते चालतं.