हलगी काचेत, हात बाहेर

काचेच्या पेटीत हलगी ठेवलीय. खाली पाटी : चर्मवाद्य. बस्स. कुणी बनवली, कुणी वाजवली, कुणापुढं वाजवली, काही नाही. बाजूला दुसरी पाटी : हात लावू नये. मला हसू आलं. हे वाक्य आमच्या ओळखीचं हाय. आधी ते माणसाला लावलं होतं, आता वाद्याला लावलंय.

१८७६ साली कलकत्त्याच्या सौरिंद्रमोहन टागोरांनी शंभरेक हिंदी वाद्यं बेल्जियमच्या राजाला भेट दिली. ब्रसेल्सचं वाद्यसंग्रहालय उभं राहिलं त्यात ही भेट होती. देणाऱ्याचं नाव राहिलं, घेणाऱ्याचं राहिलं. ज्यानं भोपळा कोरला, कातडं ताणलं, त्याचं नाव कुठल्या वहीत शोधायचं?

मृदंगाला गायीचं, म्हशीचं, बकऱ्याचं कातडं लागतं. मेलेलं ढोर ओढणाऱ्याचा विटाळ. पण तेच कातडं मृदंगावर चढलं, सुरात लागलं, की थेट देवापुढं. कातडं शुद्ध होतं, माणूस का होत नाही? टी. एम. कृष्णांनी मृदंग बनवणाऱ्यांवर पुस्तक लिहिलं, तर २०२० साली चेन्नईच्या कलाक्षेत्रानं प्रकाशनाला दिलेली जागा काढून घेतली. मृदंग चालतो. त्याचा जन्म सांगितलेला चालत नाही.

आता अवघड प्रश्न. आजा सांगायचा, त्याच्या बापानं १९५६ ला दीक्षा घेतली आन् घरातली हलगी चुलीत घातली. पाटलाच्या वरातीपुढं, देवाच्या पालखीपुढं ती वाजवावीच लागायची. वर शिळी भाकर. आता शहाणे म्हणतात, कला जपायला हवी होती. मग पणजाचं चुकलं का?

नाही चुकलं. त्यानं ताल जाळला नाही, सक्ती जाळली. पुरावा पायजे? आंबेडकरी जलसे बघा. तमाशाचा बाज घेतला, ढोलकी घेतली. गणातला गणपती गेला, बाबासाहेब आले. वाद्य गुलाम नसतं. ते कुणाच्या हुकमानं वाजतं, एवढाच सवाल असतो.

म्हणून काचेतली हलगी काढा, असं मी म्हणत नाही. राहू द्या. पण पाटी बदला. बनवणारा कोण ते लिहा. कुणाला जबरीनं वाजवायला लावलं ते लिहा. आन् कुणी चुलीत घातली तेही लिहा. वाजवण्याचा इतिहास असतो, तसा न वाजवण्याचाही असतो.

तेवढं लिहिलं नाही, तर ती काच हलगी जपत नाही. आमचे हात झाकते.