कातीव

बसा. पाठ सैल सोडा. हात मांडीवर राहू द्या.

समोर लेथ आहे. जुन्या कारागिरांचा शब्द चरक. अजून तो फिरत नाही.

चरकावर फणसाच्या लाकडाचं एक भांडं बसवलं आहे. सोललेल्या नारळाहून थोडं मोठं. वर दोन बोटं जेमतेम जातील एवढं तोंड. खाली लहानसा पाय. मध्ये पोट.

आज एवढंच बघायचं आहे. हे भांडं आणि त्याची कड.

बघा.

हे भांडं अजून पुरतं झालेलं नाही. दिवाळीनंतर ओल्या लाकडातून ते ओबडधोबड उतरवलं, आतून पोखरलं आणि ठेवून दिलं. भिंत मुद्दाम जाड ठेवली, व्यासाच्या दहाव्या भागाएवढी. सहा इंचांचं पोट, तर अर्ध्या इंचाहून थोडी जास्त. मग भुशात पुरून ते माळ्यावर गेलं.

दर आठवड्याला ते खाली आलं आणि काट्यावर बसलं. बुडाशी पेन्सिलीनं वजनं लिहिली आहेत. वरून खाली आकडे कमी होत जातात. शेवटचे तीन मात्र एकच आहेत.

लाकूड वाळलं, ते असं कळतं.

त्या शेवटच्या तीन आकड्यांपाशी थोडं थांबा. जे जायचं होतं ते गेलं आहे. श्वास सोडा. घाई नाही.

आता तोंडावरून बघा. वर्तुळ राहिलेलं नाही. किंचित लांबट झालं आहे. वाळताना लाकूड सगळीकडून सारखं आटत नाही. वर्षवलयांच्या वळणानं ते जास्त आटतं. गाभ्याकडून सालीकडे, ढोबळमानानं, त्याच्या निम्मं. आणि उभ्या तंतूंच्या दिशेनं जवळजवळ नाहीच.

या भांड्यानं स्वतःच्या स्वभावानुसार अंग आखडून घेतलं आहे. ते वाकडं झालं असं मला कधी म्हणवत नाही.

चरक सुरू होतो. हळू.

कड बघा, वरची कड. ती धुरकट दिसते. लांबट भांडं फिरतंय, म्हणून कडेला दोन कडा आहेत, एकीत दुसरी विरघळलेली.

गोल पटाशी टेकू द्या. अगदी हलकी.

ऐका. टक् टक् टक् टक्. पटाशी फक्त उंचवट्यांना लागते आहे. मध्ये हवा आहे.

ऐकत राहा.

टक् टक् जवळ येतं. त्याची घरघर होते. घरघर मऊ होते, आणि एका क्षणी तिचा एकच सलग आवाज होतो. बघा, कड स्वच्छ झाली. धुकं गेलं.

गोलाई आधी कानाला कळते.

थोडं असंच राहू या. एक सलग आवाज. एक सलग रेघ.

आता पोटापासून पायाकडे. मग पोटापासून गळ्याकडे. नेहमी उतारानं, रुंद भागाकडून अरुंद भागाकडे. असं गेलं की तंतू उचकटत नाहीत. लाकडाची पिवळी फीत निघते, मनगटावरून घसरते, खाली पडते. मराठीत सूत कातायचं आणि लाकूडही कातायचं. म्हणून तर लाकूड कातणारा तो कातारी. रेखीव चेहऱ्याला आपण कातीव म्हणतो, तोही याच चरकाजवळचा शब्द. फीत पडताना बघितली, की त्या शब्दाला हात लागतो.

चरक थांबवा. पूर्ण थांबू द्या.

आता डोळे मिटा. तळवा भांड्यावर ठेवा, गळ्याखाली. हळूहळू खाली न्या. दाबू नका. हात पाण्यावरून जावा तसा.

खांद्यावरून... पोटाकडे... पोटावरून...

थांबा. इथे.

तळव्याला काहीतरी लागलं. उंचवटा नव्हे, खळगाही नव्हे. एक लहानशी सपाट जागा. रुंदीला रुपयाएवढीही नसेल. मघाशी डोळ्यांना ती दिसली नव्हती.

परत वर जा. परत तिथून खाली या. तिथेच बोट ठेवून राहा.

या जागेचा राग नको. ती लवकर खोडून टाकायलाही नको. आधी तिची ओळख होऊ द्या. ती कुठून सुरू होते? कुठे संपते? सपाट जागा दिसते तिथे लाकूड जास्त नसतं. जास्त असतं तिच्या दोन्ही बाजूंना. तिथून थोडं थोडं काढत आलं की ती आपसूक वळणात मिसळते.

मला हे उमगायला फार दिवस लागले. मी त्या सपाट जागेवरच पटाशी चालवत राहायचो, आणि तिथे खळगा होत जायचा.

डोळे उघडा.

चरक पुन्हा फिरू द्या. सपाट जागेच्या वरून एक फीत. खालून एक फीत. थांबा. तळवा. पुन्हा एक फीत.

आपल्या डोळ्यांना हा आकार ठाऊक आहे. तांब्या आठवा. घागर आठवा. आजीच्या फडताळातला कुंकवाचा लाकडी करंडा आठवा, तोही चरकावर उतरलेला, लाख चढवलेला. 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्यानं भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. देशात हिंडताना पाहिलेल्या वस्तूंत त्यांना सर्वांत सुंदर वाटला तो साधा लोटा. कुणा एकाच्या आराखड्यातून तो आलेला नाही, हे त्यांनी ओळखलं. कित्येक पिढ्यांनी तो उचलला, कमरेवर धरला, ओतला, घासला, आणि त्यात त्याची कड ठरत गेली.

तुमच्या तळव्यालाही ती कड पाठ आहे. तळव्यावर विसंबा.

चरक थांबवा. आता गळ्यातली बारीक साखळी काढा. दोन टोकं दोन हातांत धरा. मधला भाग सोडून द्या.

ती लोंबते. थोडी हलते. मग स्थिर होते.

बघा तिचं वळण. कुठे सपाट नाही, कुठे कोपरा नाही. प्रत्येक कडी शेजारच्या दोन कड्यांचा ताण घेऊन गप्प लटकली आहे. हात जवळ आणा, वळण खोल होतं. दूर न्या, उथळ होतं. तुटत कधीच नाही.

साखळी भांड्याच्या खालच्या अंगापाशी धरा. पोटापासून पायापर्यंत दोन्ही वळणं शेजारी शेजारी बघा.

जिथे ती जुळतात तिथे डोळा थांबत नाही. जिथे जुळत नाहीत तिथे अडखळतो. त्या अडखळण्याकडे लक्ष ठेवा. ते फार सूक्ष्म असतं, श्वासाच्या मधल्या फटीएवढं.

साखळी बाजूला ठेवा. चरक सुरू. आणखी एक फीत. पायाजवळून.

पाय आता अधिक लहान झाला आहे. भांडं पायावर टेकलेलं असूनही उचललेलं वाटतं. वळण पायाशी संपलेलं वाटत नाही, लाकडाखाली कुठेतरी पुढे चालू आहे. ते न दिसणारं वळणही नजरेनं पुरं करा.

बाहेरचं झालं.

आत जायचं आहे. त्या दोन बोटांच्या तोंडातून.

आत काही दिसत नाही. अमेरिकेचे डेव्हिड एल्सवर्थ 1970 च्या दशकात असंच काम करू लागले, चिमुकल्या तोंडातून वाकडं हत्यार घालून, न पाहता. भिंती इतक्या पातळ, की हातांचा आणि कानांचाच भरवसा. जगभरचे कातारी आजही त्यांचं नाव घेतात.

वाकडं हत्यार आत जाऊ द्या. हळू. बाहेरच्या वळणाला आतून समांतर.

आवाज ऐका. भिंत जाड आहे तोवर तो भरीव आहे. भिंत पातळ होते तसा सूर बदलतो. त्यात पोकळी येते. लाकूड वाजू लागतं.

थोड्या वेळानं पोट भुशानं भरतं. मग थांबावंच लागतं. नाहीतर भुसा हत्याराभोवती घट्ट बसतो आणि ते अडकतं.

चरक थांबवा. भुसा काढा. पोट रिकामं होऊ द्या.

तुम्हीही श्वास सोडा. पूर्ण.

पुन्हा आत. पुन्हा ऐकणं. पुन्हा थांबणं. पुन्हा रिकामं करणं.

या थांबण्यांना मी पूर्वी कामातला खोळंबा समजत असे. आता दर वेळी भांडं कलंडून भुसा ओतताना मी त्याच्या तोंडाशी कान नेतो. आत खूप शांत असतं.

तुम्हीही कान न्या.

राहा तिथे.

कॅलिपरनं भिंत मोजा. गळ्याशी, पोटाशी, पायाजवळ. सगळीकडे सारखीच लागते. आत आणि बाहेर आता एकच वळण आहे.

पॉलिश पेपर शेवटचा फिरतो. मग चरक थांबतो. या वेळी कायमचा.

भांडं उतरवा. दोन्ही हातांत घ्या.

डोळ्यांनी जेवढं वजन धरलं होतं तेवढं ते नाही. हात आपोआप किंचित वर उचलले जातात. तो क्षण चुकवू नका.

खिडकीपाशी न्या. उजेड खांद्यावरून पोटावर उतरतो आणि न अडखळता पायाखाली जातो.

फणसाचं ताजं कातलेलं लाकूड असं पिवळंधमक असतं. उजेडात ते हळूहळू तपकिरी होत जाईल. आज ते पिवळं आहे. बघून घ्या.