‘मी आले’ ऐकल्यानंतर

जून महिना आला की पुण्या-मुंबईच्या अनेक कंपन्यांत ईमेलखालच्या सह्या बदलतात. नावापुढे ‘शी/हर’, ‘ही/हिम’, क्वचित ‘दे/देम’ अशी सर्वनामं लागतात आणि ठरलेला वाद सुरू होतो. एका बाजूला एवढ्यावर समाधान मानणारा मनुष्यबळ विभाग, दुसऱ्या बाजूला ‘हे इंग्रजीचं खूळ, मराठीला त्याची गरज काय?’ असं विचारणारे. वाद मराठी माणसांचा, पण मराठीत हा प्रश्न कसा उभा राहतो याकडे दोघांचंही लक्ष नाही.

‘गरज काय’ विचारणाऱ्यांचं म्हणणं नेमकं उलटं आहे. इंग्रजीत समोरासमोर बोलताना ‘आय केम’, ‘यू केम’ यातून लिंग कळत नाही. अडचण येते ती तिसऱ्याबद्दल बोलताना, बहुधा त्याच्या माघारी. मराठीत ‘आलास का?’, ‘जेवलीस का?’ एवढी साधी विचारपूस केली तरी क्रियापद लिंग सांगून मोकळं होतं. म्हणजे चुकीच्या लिंगाने उल्लेख होण्याचा जो अपमान इंग्रजीत बहुधा पाठीमागे होतो, तो मराठीत तोंडावर होतो, आणि दिवसातून कितीतरी वेळा. गरज कुठे जास्त आहे, हे वेगळं सांगायला नको.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. मराठीत माणूस स्वतःबद्दल बोलतानाही लिंग सांगतो. जन्मदाखल्यावर पुरुष अशी नोंद असलेली सहकारी सकाळी मस्टरवर सही करताना म्हणते, ‘आज बसच मिळाली नाही, म्हणून उशिरा आले.’ शेजारचा विचारतो, ‘मग रिक्षाने का नाही आलास?’ या माणसाला माहिती कमी पडली का? क्षणापूर्वीच तिने सांगितलं होतं, त्याने ते ऐकलंही होतं. तरीही तो ‘आलास’ म्हणाला. पहिल्यांदा जीभ घसरली असेल, तर ती चूक. रोजच घसरत असेल, तर तो नकार. या साऱ्या वादात मला हाच भेद मोलाचा वाटतो, आणि तो कुणी करत नाही.

खूळ म्हणणाऱ्यांचं दुसरं म्हणणं परंपरेचं असतं. आपल्याकडे यल्लम्मा देवीचे, स्त्रीवेशात राहणारे जोगते होते, त्यांना समाजाने सामावून घेतलं होतं, मग हा नवा आग्रह कशाला? पण सामावून घेतलं ते जोगवा मागण्यापुरतं. दारात परडी घेऊन उभ्या राहिलेल्या व्यक्तीला ‘ती’ म्हणताना ज्या जिभेला अडचण आली नाही, तिला शेजारच्या टेबलावर ती का यावी? अडचण भाषेची असती तर दारातही आली असती. बरोबरीच्या नात्याने मान द्यायची वेळ येते, तेव्हाच व्याकरण आठवतं.

तिसरं म्हणणं असं की, आधी नोकऱ्या द्या, शब्दांचं नंतर बघू. यात तथ्य आहे. २०१७ साली कोची मेट्रोने तृतीयपंथी कर्मचारी घेतले आणि भाड्याने घर मिळेना म्हणून त्यांतल्या काहींनी नोकरी सोडली. पण यातून एवढंच दिसतं की नुसत्या नेमणुकीने माणूस नोकरीत टिकत नाही. टिकण्यासाठी घर लागतं, तसा कामाच्या जागी मानही लागतो.

हा उच्चभ्रूंचा प्रश्न आहे म्हणणाऱ्यांनी पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे पाहावं. तिथे २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षकाच्या कामावर घेतलं, आणि त्या कामाची भाषा मराठी आहे. व्याकरण बुडेल म्हणणाऱ्यांसाठी कोल्हापूरच्या बायका पुरेशा आहेत. त्या ‘मी आलो’ म्हणतात, त्याने ना व्याकरण बुडालं ना त्यांना कुणी पुरुष समजलं, कारण ऐकणाऱ्याला माणूस ठाऊक असतो.

ज्यांना स्त्री आणि पुरुष ही दोन्ही रूपं आपली वाटत नाहीत, त्यांच्यासाठी मराठी खरोखर अवघड आहे. नपुंसकलिंगी ‘ते’ मोठ्या माणसाला लावलं तर शिवीसारखं लागतं, आणि आदरार्थी ‘ते’ पुल्लिंगी आहे. तरी ‘तुम्ही आलात’, ‘त्यांनी सांगितलं’, ‘उद्या येतील’ यांत लिंग उमटत नाही. अहोजाहोची सवय असलेल्या कार्यालयाला एवढं जमू शकतं. इथे मात्र कोणतं रूप वापरायचं ते विचारावं लागेल, आणि एकांतात, आदराने विचारावं. म्हणूनच सर्वनाम जाहीर करण्याची सक्ती मला मान्य नाही. ज्याने अजून घरीही सांगितलेलं नाही, त्याच्यापुढे सक्ती दोनच वाटा ठेवते: खोटं लिहा किंवा उघडे पडा.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याने नोकरीतल्या भेदभावाला मनाई केली आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं. या अधिकाऱ्याने चूक आणि नकार वेगळे ओळखायला हवेत. चुकणाऱ्याला कुणी धारेवर धरू नये. त्याने ‘चुकलो’ म्हणावं आणि वाक्य सुधारून पुढे बोलावं. पण सांगूनही महिनोन्‌महिने ‘आलास’ म्हणणारा, किंवा ‘आधी दाखला दाखव’ म्हणणारा सहकारी गैरवर्तन करतो आहे, अशीच नोंद व्हावी. इतर कुणाकडे आपण बाई किंवा पुरुष असल्याचा दाखला मागत नाही. आणि हे प्रशिक्षण इंग्रजी सादरीकरणातून न देता मराठीत द्यावं, मस्टर सांभाळणाऱ्या कारकुनापासून सुरुवात करून.