आपल्या कणगीतलं

मृग जवळ आला की परभणीच्या खेड्यांत सोयाबीनचं घरचं बियाणं बाहेर निघतं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. सत्तर किंवा जास्त उगवले की बियाणं पेरणीजोगं. शेजाऱ्याला कमी पडलं तर अर्धी गोणी त्यालाही जाते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा एमएयूएस ७१ हा सरळ वाण, त्यामुळे राखलेलं बी पुढच्या साली तसंच उगवतं. कायद्याचीही याला आडकाठी नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंही बियाणं राखता, पेरता, वाटता, विकताही येतं. ब्रँडचं नाव लावून मात्र विकता येत नाही.

हीच सवय घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत येते. ‘पोराच्या लॅपटॉपात जे सॉफ्टवेअर टाकलंय, तेच पोरीच्याही टाका, दुकानातल्या मशीनलाही बघा,’ असं आपण सहज सांगतो. पैसे मोजलेत, म्हणजे वस्तू आपली झाली, हा त्यामागचा हिशेब. पण आपण विकत घेतलेली असते ती वापरायची परवानगी, आणि तिची हद्द देणाऱ्यानं आखलेली असते. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज बहुधा त्या लॅपटॉपशीच बांधलेलं. सुटं घेतलेलं दुसऱ्या मशीनवर नेता येतं, पण आधी पहिल्यावरून काढून. पुण्याच्या क्विक हीलचं अँटिव्हायरस घेताना किती संगणकांसाठी, हे आधीच ठरवावं लागतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा कौटुंबिक प्रकार सहा जणांना पुरतो, पण वर्गणी थांबली की तोही थांबतो. दरसाल विकत घ्यावं लागणारं कपाशीचं संकरित बियाणं याच जातीचं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ प्रोग्रॅमची राखीव प्रत काढू देतं, पण ती मूळ प्रत बिघडली-हरवली तर हाताशी असावी एवढ्यासाठीच. जाणूनबुजून चोरीची प्रत चालवली तर कलम ६३-ब खाली कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. गुन्हा मात्र पुसला जात नाही.

शेतकऱ्याला दिलेली मोकळीक संगणक वापरणाऱ्याला का नाही? वाणाच्या प्रत्येक दाण्यामागे कित्येक पिढ्यांच्या शेतकऱ्यांची निवड आहे. वाण घडवण्यात त्याचाही वाटा, म्हणून राखण्या-वाटण्याचा हक्कही त्याचा. प्रोग्रॅम लिहिताना आपला घाम गळलेला नसतो. ज्याचा गळला, त्यानं मुभा दिली तर गोष्ट वेगळी. लिनक्स, लिब्रेऑफिस हे प्रोग्रॅम हव्या तेवढ्या मशीनवर टाकावेत, गावभर वाटावेत, अशी मुभा लिहिणाऱ्यांनी परवान्यातच दिली आहे.

देण्याची वृत्ती चांगलीच. पण दुसऱ्याच्या कणगीतून पायली मोजून दिली तर तिला दानत म्हणत नाहीत. आज घरातल्या प्रत्येक मशीनसाठी एकदा विचारावं, ‘याची परवानगी माझ्याकडे आहे का?’ नसेल तर ती विकत घ्यावी, नाहीतर मोकळेपणानं वाटायला दिलेलं वापरावं. मग शेजाऱ्यानं मागितलं तर देताना हात आखडायचं कारण उरत नाही.