तुम्ही व्हा पुढे



गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतींना घेऊन आम्ही विसापूर किल्ल्यावर गेलो होतो. लोकलने मळवली, तिथून चालत भाजे गाव, भाज्याच्या बाजूच्या घळीतून गडावर चढायचे, माथ्यावरून फिरून दुसऱ्या अंगाला गायमुख खिंडीत उतरायचे आणि सडकेने पुन्हा भाज्याला यायचे, असा बेत होता. खिंडीच्या पलीकडे लोहगड. तो २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. शेजारचा विसापूर त्याच्याहून उंच असूनही यादीबाहेर राहिला. असो. पुण्या-मुंबईहून पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी तिकडे जी गर्दी लोटते, तिला यादीशी काही देणेघेणे नसते.

त्या घळीत जुन्या दगडी पायऱ्या आहेत आणि पावसात त्यांच्यावरून पाणी धावते. म्हणजे जिना आणि धबधबा एकच. चढ उभा, दगडांवर शेवाळ. अर्ध्या वाटेवर आमच्यातला एक मुलगा दगडावर बसला. नुकताच बारावी झालेला, मंडळात नवा, पायात गुळगुळीत तळाचे बूट. दम लागला होता, घाबरलाही असावा. आम्ही सगळे थांबलो. एक मिनिट गेले, दोन गेली. मागून दुसरे गट येऊन खोळंबू लागले. तेव्हा तो हसून म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, फादर. मी बसतो इथंच."

आणि आम्हाला सगळ्यांना हायसे वाटले. खरे ते सांगायला हवे. आम्ही म्हणालो, "बरं बाबा, सांभाळून बस. येताना घेऊ तुला."

माथ्यावर धुके होते. तटबंदीच्या आडोशाला डबे उघडले, गाणी झाली, फोटो झाले. निघता निघता एका मुलीने विचारले, "फादर, आपण त्या वाटेने परत जाणारच नाही ना?"

जाणार नव्हतोच. ज्या वाटेने चढायचे त्याच वाटेने उतरायचे असेल, तर मागे बसलेला माणूस येताना भेटतो. फेरीच्या वाटेवर तो भेटत नाही. तिथे प्रत्येक जागा एकदाच येते. "येताना घेऊ" हे आमचे बोलणे खोटे नव्हते, पण आम्ही ते क्षणभरही तपासले नव्हते. फोनला रेंज नव्हती. दोन थोरली मुले त्याच ओल्या घळीतून खाली गेली. अशा जागी उतरणे हे चढण्याहून धोक्याचे, हे ठाऊक असून आम्ही त्यांना जाऊ दिले. बाकीचे खिंडीतून उतरलो. घळीत तो नव्हता. कोणा अनोळखी गटाच्या मागे मागे तो खाली उतरला होता आणि भाज्यात एका चहाच्या टपरीवर बसला होता. त्याचा डबा दुसऱ्या मुलाच्या सॅकमध्ये होता, तो आमच्याबरोबर गड फिरून आला. त्याने तक्रार केली नाही. केली असती तर बरे झाले असते.

परतीच्या लोकलमध्ये कोणीतरी म्हणाले, "पण तो स्वतःच बोलला ना, पुढे व्हा म्हणून?" हा युक्तिवाद काही पोरकट नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या पुस्तकात हाच प्रश्न घेतला आहे : माणसावर त्याच्या संमतीने अन्याय होऊ शकतो का? त्याचे उत्तर नाही असे आहे. होमरच्या काव्यातल्या ग्लॉकसने आपले सोन्याचे चिलखत देऊन बदल्यात काशाचे घेतले. नुकसान त्याचे झाले, पण अन्याय झाला असे म्हणता येत नाही, कारण देणे न देणे त्याच्या हाती होते. पुढे रोमन कायद्यात याचेच सूत्र झाले आणि सेमिनरीत आम्ही ते लॅटिनमधून घोकले.

मात्र सगळे वजन "त्याच्या हाती होते" या शब्दांवर आहे. त्या मुलाच्या हाती काय होते? सत्तावीस जण भिजत उभे, नवी ओळख, मुलीही पाहत आहेत. "थांबा माझ्यासाठी" हे म्हणण्याची किंमत त्या घडीला किती होती? ज्याला "नाही" म्हणताना लाज गिळावी लागते, त्याच्या "हो"ला संमती म्हणायला आमची जीभ रेटत नाही. त्याने आम्हाला परवानगी दिली नाही. त्याने आमची अडचण ओळखली आणि ती स्वतःवर घेतली. परवानगी आम्ही करून घेतली.

पवित्र शास्त्रात उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात असेच एक "तुम्ही व्हा पुढे" आहे. वीस वर्षांनी याकोब आणि एसाव भेटतात. एसावाबरोबर चारशे माणसे; तो म्हणतो, चला, बरोबरच जाऊ. याकोब म्हणतो, मुले कोवळी आहेत, दूध पाजणारी जनावरे आहेत, एक दिवस जरी दामटली तरी मरतील; आपण पुढे व्हावे, मी त्यांच्या पावलांनी येतो. किती शहाणे बोलणे! पण त्यात दुसरेही काही आहे. याकोबाला भावाची भीती वाटते. सेईरला येतो असे सांगून तो जातो सुक्कोथला. "पुढे व्हा" हे शब्द क्वचितच जे म्हणायचे तेवढेच म्हणतात. एसावाने निदान एक केले : माझी काही माणसे तुझ्यापाशी ठेवून जातो, असे तो म्हणाला. आम्ही तेही म्हटले नाही. रांगडा एसाव आमच्यापेक्षा बरा निघाला.

मग एकासाठी सगळ्यांनी माघारी फिरावे का? तसे आम्हाला वाटत नाही. उमेदीने आलेल्या सव्वीस मुलांचाही त्या दिवसावर हक्क होता. शिवाय ज्याला खरोखर बसायचे आहे त्याला ओढत वर नेणे हीही एक जबरदस्तीच. दोघांनी त्याच्यापाशी थांबायचे, एवढेच पुरे होते. त्या दोघांचा गड हुकला असता. नेमकी हीच किंमत कोणाला द्यायची नव्हती, आम्हालाही नाही. मिस्साच्या आरंभी आपण पापांची कबुली देतो, तेव्हा केलेल्या चुकांबरोबर न केलेल्या गोष्टींचाही उच्चार करतो. तो भाग आपण जरा भरभर म्हणतो, असा आमचा अनुभव आहे.

घराघरांत जातो तेव्हा हे वाक्य आता जास्त ऐकू येते. "तुम्ही जेवून घ्या, मी मागून बसते," असे आई म्हणते, आणि आपण जेवून घेतो, वर्षानुवर्षे. "माझ्यासाठी गाडी नका काढू, मी टीव्हीवरची मिस्सा बघेन," असे एक आजी म्हणतात. त्यांना कधी खोदून विचारले नाही. मागच्या महिन्यात विचारले. त्यांना यायचे होते.

अनुभवी गिर्यारोहकांची एक साधी रीत आहे : जाणत्यांपैकी एकजण सर्वांच्या मागे चालतो आणि त्याच्या मागे कोणी राहत नाही. त्या दिवशी आमचे सगळे जाणते पुढे होते, आणि आम्ही त्यांच्यात.

येत्या पावसाळ्यात पुन्हा त्याच वाटेने जायचे ठरले आहे. शेवटी कोणी चालायचे, हे या वेळी आधीच ठरले आहे. तो मान आम्ही मागून घेतला आहे. नावे पॅरिश ऑफिसात द्यायची आहेत. त्या मुलाचे नाव अजून आलेले नाही. या आठवड्यात आम्ही त्याच्या घरी जाणार आहोत.