विण्याचा पहारा

‘पुंडलिक वरदा हरि विठ्ठल’ हा घोष आपण वारकरी दिवसातून कितीदा करतो, याची मोजदाद नाही. पण त्या घोषात देवाच्या नावाआधी भक्ताचे नाव येते, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वरदा म्हणजे वर देणारा. कोणाला? तर पुंडलिकाला. म्हणजे आपल्या देवाची ओळखच मुळी एका सेवेकऱ्याच्या नावाने आहे. आणि त्याची सेवा कोणाची? देवाची नव्हे, म्हाताऱ्या आईबापांची! देव दाराशी आला तरी पुंडलिक उठला नाही. त्याने वीट पुढे टाकली आणि हातातली सेवा चालू ठेवली. देवाला त्याचा राग आला नाही, देव थांबला.

ही कथा आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या बिरसी गावी सप्ताहात सांगितली. हा सगळा मुलूख धानाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली, त्यामुळे बिरसीचे नाव आता विमानतळावरून सर्वांना ठाऊक आहे. पण गावातली तरणी पोरे कामासाठी दूर जातात ती विमानाने नव्हे, रेल्वेने आणि मोटारीने. कोणी नागपूरला, कोणी रायपूरला. मागे उरतात म्हातारी माणसे, आणि त्यांना पाहणारी एखादी लेक नाहीतर सून.

कीर्तन आटोपल्यावर अशीच एक सून पाया पडायला आली. सासू चार वर्षे अंथरुणाला खिळलेली, नवरा परगावी. ती म्हणाली, “महाराज, कथा बेस झाली. पण पुंडलिक मायबापाचे पाय चेपत होता, तेव्हा त्याची बायको काय करत होती, थे काही सांगितलं नाही जी.”

मंडळी, हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. काशीयात्रेला निघताना पुंडलिकाने बायकोला घोड्यावर बसवले आणि आईबापांना पायी चालवले, एवढे कथेत येते. पुढे कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, तेही येते. पण त्यानंतर त्या माउलीचे काय झाले, याविषयी कथा मौन धरते. पाय धुवायचे पाणी कोणी तापवले? म्हाताऱ्यांची पेज कोणी शिजवली? ज्याने संसार पाहिला आहे, त्याला याचे उत्तर सांगावे लागत नाही. आजही घरोघरीचा पुंडलिक बहुधा लुगड्यातच असतो, आणि त्याच्या नावाने कोणी घोष करीत नाही.

आता आपल्याच सप्ताहाकडे पाहा. सात दिवस विणा खाली टेकत नाही. पण एकाच माणसाने सात दिवस विणा गळ्यात घेऊन उभे राहावे, असे आपण म्हणतो काय? नाही. पहाऱ्याची यादी होते. बहुधा दोन-दोन तासांची पाळी. मध्यरात्रीचा पहारा कोणाचा, पहाटेचा कोणाचा, हे आधी ठरते. दुसरा आला की पहिला विणा त्याच्या गळ्यात घालतो, पाया पडतो आणि जाऊन निजतो. नाम अखंड राहते ते यामुळे. एकट्याचा देह अखंड नसतो. अखंड असते ती पाळी.

आणि योग पाहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. न वळवले तर एकाच जागी भार पडून तेथले रक्त थांबते, कातडी मरते आणि पाठीला, खुब्याला, टाचेला जखमा होतात. म्हणजे येथेही पहारा दोन तासांचाच! फरक एवढाच की ही विणा एकाच बाईच्या गळ्यात आहे. सात दिवस नव्हे, वर्षानुवर्षे. दिवसा रोवणीला बांधीत वाकायचे आणि रात्री चारदा उठायचे. अशी बाई एखाद्या दिवशी म्हातारीवर खेकसली, तर गाव तिला नावे ठेवते. पण दमलेला विणेकरी पडला, तर दोष विणेकऱ्याचा की यादी न करणाऱ्या मंडळाचा?

सेवेला संस्कृतात शुश्रूषा असा शब्द आहे. श्रु म्हणजे ऐकणे, या धातूपासून तो झाला. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. औषध, पाणी, कूस वळवणे हे सर्व आहेच. पण मुळाशी आहे ते ऐकणे. म्हातारा तीच गोष्ट दहाव्यांदा सांगतो, ती ऐकायला कोणी असणे, ही पहिली सेवा. आणि जी सेवा करते तिचेही कोणी ऐकणे, ही दुसरी. कीर्तनात आपण श्रोते म्हणून तासन्‌तास बसतो. ती विद्या शेजारच्या ओसरीवर उपयोगी पडू नये काय?

सरकारने काही दारे उघडली आहेत, ती ठाऊक असावीत. पासष्ट वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. अर्ज तहसील कचेरीत होतो. २०२३ साली तिची रक्कम महिना हजारावरून दीड हजार झाली. एस.टी.ने २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास दिला आहे. १४५६७ हा वृद्धांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. २००७ च्या कायद्याने आईबापांना मुलांकडून पोटगी मागता येते, आणि त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्याकडे दाद आहे. सांभाळण्याच्या अटीवर शेत मुलाच्या नावे करून दिले आणि त्याने सांभाळले नाही, तर ते देणे रद्दही होऊ शकते. पण दार उघडे असून काय उपयोग? जो उठू शकत नाही, त्याने तहसिलीत जावे कसे? जन्मभर चिखलात झिजलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेत नाही, तेव्हा त्याच्यासाठी बोलावे कोणी? तेथे सोबती लागतो.

सोबत्याची चिंता गाडगेबाबांच्या पंथाने वाहिली आहे. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेल्या रोग्यांबरोबर त्यांच्या नातलगांनाही तेथे आसरा मिळतो. दूर केरळात कोळिकोड येथे १९९३ साली काही डॉक्टरांनी असाध्य दुखण्याच्या रोग्यांसाठी संस्था काढली. पुढे गावोगावचे शेजारीच शिकून तयार झाले आणि घरोघरी जाऊ लागले. ते वारकरी नव्हेत, पण त्यांनी केला तो पहाराच.

येथे कोणी शंका घेईल, “महाराज, परक्याच्या घरचे मलमूत्र आम्ही काढावे काय?” समाधान असे की, तेवढी मजल पहिल्या दिवशी कोणी मागत नाही. आठवड्यातून एकदा दोन तास जाऊन बसावे. हरिपाठ म्हणावा. पाणी पाजताना म्हाताऱ्याला उठते करून, घोट घोट पाजावे, म्हणजे ठसका लागत नाही. कूस कशी वळवावी, हे गावातल्या आशाताईंना किंवा नर्सबाईंना विचारून घ्यावे. तेवढ्या वेळात त्या सुनेने निजावे, बाजाराला जावे, नाहीतर नुसते अंगणात बसावे, तिची मर्जी. आणि एक पथ्य कसोशीने पाळावे: तिला सल्ला देऊ नये. सल्ला देणारे तिच्याकडे रोज येतात. पहारा बदलणारा कोणी येत नाही.

दुसरी शंका वारीची. “घरी म्हातारी आजारी, आणि आषाढी तोंडावर आली, वारी चुकवावी काय?” ज्याच्यासाठी देव स्वतः थांबला, त्याची वारी चुकत नाही. पण दिंडीने इतक्यावरच सुटू नये. दिंडी निघण्याआधी जशी पालाची, शिध्याची आणि सामानाच्या गाडीची व्यवस्था होते, तशीच ‘मागे कोणाच्या घरी कोण बसणार’ ही यादीही व्हावी. मग वर्षानुवर्षे उंबरठा न ओलांडलेली एखादी सूनही डोक्यावर तुळस घेऊन चालू लागेल. तिच्या पुण्यात मागे बसणाऱ्याचा वाटा आहे, याविषयी आम्हांला तिळमात्र संशय नाही.

तरी प्रत्येक गावच्या भजनी मंडळाला आमची विनंती एवढीच आहे: येत्या एकादशीला भजन आटोपल्यावर टाळ उतरवण्याआधी एक कागद घ्यावा. गावात अंथरुणाला खिळलेले कोण, त्यांना पाहणारे कोण, हे लिहावे. आणि त्यापुढे पहारेकऱ्यांची नावे व वार घालावेत. देव पुंडलिकाच्या दारात विटेवर उभा राहिला, तो युगे लोटली तरी उभाच आहे. आपल्याला तर बसायला सतरंजी मिळेल, आणि पहाराही दोनच तासांचा आहे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!